अँटवर्पची संग्रहालये

बेल्जम देशाच्या उत्तर भागात, शेल्डे नदीच्या उजव्या तीरावर, अँटवर्प हे जुने नगर वसले आहे. समुद्र येथून बराच दूर असला, तरी भरतीचे पाणी नदीतून नगरापर्यंत चढत येते आणि त्याबरोबर मोठमोठी जहाजेही येतात. सोळाव्या शतकाच्या मध्यास या नगराची वस्ती सुमारे एक लाख होती. त्या काळच्या युरोपात एवढी मोठी शहरे थोडीच होती. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून लिस्बनला गेलेली मिरी, जर्मनीतील खाणींचे तांबे, इंग्लंडचे लोकरी कापड असा नाना देशींचा माल येथील धक्क्यावर उतरे आणि नाना भाषा बोलणारे व्यापारी त्याचा सौदा करीत.

नगराच्या नावाविषयी तेथे एक कथा सांगतात. नदीकाठी अँटिगून नावाचा एक राक्षस राहत असे. जो नावाडी जकात देणार नाही, त्याचा हात तो तोडून टाकी. पुढे ब्राबो नावाच्या एका रोमन वीराने त्या राक्षसाला ठार मारले, त्याचाच हात तोडला आणि नदीत भिरकावून दिला. त्या भाषेत ‘हात फेकणे’ या अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांवरून म्हणे अँटवर्प हे नाव पडले. भाषेचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत. परंतु नगरसभागृहापुढील चौकात हात फेकणाऱ्या ब्राबोचा पुतळा १८८७ सालापासून उभा आहे, आणि मिठाईच्या दुकानांत हाताच्या आकाराची बिस्किटेही मिळतात. लोकांना आवडलेली कथा पंडितांच्या नकाराने मरत नाही, हेच खरे.

अशा नगरात येणारा प्रवासी प्रथम तेथील उंच मनोऱ्याचे चर्च पाहतो, रूबेन्स या थोर चित्रकाराची चित्रे पाहतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच समाधान मानून परत फिरतो. वस्तुतः अँटवर्पचे खरे वैभव तेथील लहान-मोठ्या विशेष संग्रहालयांत आहे. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या दालनांची एक भव्य इमारत येते. तिच्यात एका खोलीत मूर्ती, दुसरीत नाणी, तिसरीत पेंढा भरलेले प्राणी, चौथीत तलवारी असतात. अशा ठिकाणी सर्वच थोडे थोडे दिसते आणि बाहेर पडेपर्यंत पाहणाऱ्याच्या डोक्यात त्याची एक खिचडी होऊन जाते. विशेष संग्रहालयाची रीत निराळी आहे. ते एकच विषय धरते. तो विषय एखादा धंदा असेल, एखादे वाद्य असेल, किंवा एखाद्या बंदरातून निघून गेलेली माणसे असतील. मात्र त्या एका विषयाच्या मुळाशी ते पाहणाऱ्याला घेऊन जाते.

अँटवर्पमधील अशा संग्रहालयांत अग्रपूजेचा मान प्लांटिन-मोरेतुस या मुद्रणाच्या संग्रहालयाला द्यावा लागेल. पुण्याच्या पेठांप्रमाणे अँटवर्पमधील एका चौकालाही वाराचे नाव आहे. ‘शुक्रवारचा बाजार’ असा त्या नावाचा अर्थ. या चौकात एका बाजूस एक मोठी, पण बाहेरून फारशी लक्ष न वेधणारी इमारत आहे. दरवाजातून आत गेले की चारही बाजूंनी वाड्यासारखी बांधलेली वास्तू आणि मध्ये फरसबंदी अंगण दिसते. भिंतीवर द्राक्षाचा जुना वेल चढलेला आहे. या एकाच घरात एका घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षे पुस्तके छापली. घर तेच, यंत्रे तीच, हिशेबाच्या वह्या त्याच. जणू कामकरी मंडळी जेवणासाठी घरी गेली आहेत आणि थोड्याच वेळात परत येणार आहेत.

या घराण्याचा मूळ पुरुष क्रिस्तोफ प्लांटिन. तो जन्माने फ्रेंच. १५२० च्या सुमारास तूर या शहराजवळ त्याचा जन्म झाला. तरुणपणी, १५४९ च्या सुमारास, तो अँटवर्पला आला आणि पुस्तके बांधण्याचा व चामड्याच्या सुबक पेट्या बनवण्याचा धंदा करू लागला. या कामात त्याचा हात कुशल होता. परंतु एके रात्री तो अशीच एक पेटी पोहोचवण्यासाठी जात असताना काही दारुड्यांनी त्याला भलताच कोणी समजून त्याच्यावर तलवार चालवली. जीव वाचला, परंतु जखम अशी झाली की वाकून बारीक काम करणे त्याला जमेना. तेव्हा त्याने मुद्रणाचा व्यवसाय धरला. १५५५ साली त्याने पहिले पुस्तक छापले. ते थोर कुळातील मुलींच्या शिक्षणाविषयीचे होते.

त्या काळी मुद्रकाचा धंदा हा निखाऱ्यावरून चालण्यासारखा होता. नेदरलँड्सवर स्पेनच्या राजाची सत्ता होती आणि धर्माच्या बाबतीत राजमताविरुद्ध एक अक्षर छापणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. १५६२ साली प्लांटिन पॅरिसला गेला असताना त्याच्या छापखान्यात एक निषिद्ध पुस्तिका छापली गेल्याचे उघडकीस आले. त्याच्या सर्व सामानाचा लिलाव झाला. दुसऱ्या वर्षी तो परत आला आणि भागीदार मिळवून त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. ‘सोन्याचा कंपास’ हे त्याच्या मुद्रणालयाचे चिन्ह. कंपासाचा एक पाय स्थिर असतो, दुसरा फिरत असतो. स्थिर पाय म्हणजे निष्ठा आणि फिरता पाय म्हणजे श्रम, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता, आणि हे दोन शब्द लॅटिनमध्ये त्याच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापलेले असत. भरभराटीच्या काळात त्याच्याकडे सोळा यंत्रे आणि पन्नासांहून अधिक कामगार होते. खाजगी मुद्रकाकडे एवढा कारखाना त्या काळी युरोपात क्वचितच आढळे.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर खिळे ओतण्याची जागा आहे. पुस्तकातील एक अक्षर कागदावर उमटण्यापूर्वी त्याला किती जन्म घ्यावे लागत, हे येथे नीट कळते. प्रथम पोलादाच्या एका लहानशा कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरीत. हे काम करणारा कारागीर सोनाराच्या तोडीचा असे, कारण त्या अक्षराची जाडी गव्हाच्या दाण्याहूनही कमी असायची. कोरून झाल्यावर कांडी तापवून, पाण्यात बुडवून कठीण करीत. मग ती तांब्याच्या एका तुकड्यावर ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका देत. तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटे, आणि तो सुलटा असे. या ठशाला मातृका म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. कारण हजारो खिळे तिच्याच पोटी जन्म घेतात. मातृका हातातील एका साच्याच्या तळाशी बसवायची, शिशाचा तापलेला रस पळीने आत ओतायचा, साचा झटक्याने हलवायचा म्हणजे रस कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो. क्षणात तो थिजतो. साचा उघडला की खिळा बाहेर पडतो. त्यावरचे अक्षर पुन्हा उलटे असते, म्हणूनच ते कागदावर सुलटे उमटते. उलटे, सुलटे, उलटे, सुलटे असा हा चार पायऱ्यांचा प्रवास आहे. प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक आकाराला तो स्वतंत्रपणे करावा लागे.

पोलादी ठसे चार हजारांहून अधिक आणि मातृका पंधरा हजारांवर, एवढा साठा या घरात जपून ठेवलेला आहे. त्यांत क्लोद गारामाँ आणि रोबेर ग्रांजाँ या फ्रेंच कारागिरांनी स्वतः कोरलेले ठसे आहेत. गारामाँच्या मृत्यूनंतर त्याचे सामान विक्रीस निघाले, तेव्हा प्लांटिनने त्यातील काही ठसे विकत घेतले. ही खरेदी किती दूरदृष्टीची होती, हे साडेतीनशे वर्षांनी दिसून आले. १९१३ साली इंग्लंडमधील एका खिळे बनवणाऱ्या कंपनीने या संग्रहालयातील ग्रांजाँच्या जुन्या अक्षरांवरून नवे वळण तयार केले आणि त्याला ‘प्लांटिन’ असे नाव दिले. पुढे लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रासाठी १९३२ साली जे वळण वापरात आले, त्याला या ‘प्लांटिन’चाच आधार होता. आज शाळेतील संगणकावर ‘टाइम्स न्यू रोमन’ या नावाने जी इंग्रजी अक्षरे दिसतात, ती हीच होत. त्यांचे आजे-पणजे अँटवर्पच्या या खणांत निजलेले आहेत.

आपल्याकडेही खिळे याच रीतीने बनत. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे आपल्या सौंदर्याबद्दल नावाजलेले होते. परंतु रोमन लिपीला दीडशेच्या आसपास खिळे पुरतात, तर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला कित्येक शेकडे लागतात. हा खर्च आणि हे कसब नसेल, तर लिपी मुकी राहते. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, हिंदुस्थानातील तो पहिला. तरी फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. कारण देवनागरी खिळे तेथे नव्हते.

खिळे ओतून झाले की ते खालच्या मजल्यावर जुळाऱ्याकडे येत. उतरत्या लाकडी पेटीत लहान-मोठे खण असतात. जे अक्षर वारंवार लागते त्याचा खण मोठा आणि हाताजवळ. जे क्वचित लागते त्याचा लहान आणि दूर. जुळारी हस्तलिखितावरची नजर न काढता खण अचूक ओळखतो व एकेक खिळा हातातील पट्टीत उलटा लावीत जातो. ओळी भरल्या की पान होते, पाने चौकटीत घट्ट बसवली की फर्मा होतो. एवढे कष्ट घेऊन जुळवलेला मजकूर छापून होताच मोडून टाकीत आणि खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात जात. शिसे महाग आणि खिळे मोजके. तेव्हा दुसरी आवृत्ती काढायची तर सारे पुन्हा जुळवण्यावाचून गत्यंतर नसे.

या खोलीच्या पुढे छापण्याची यंत्रे रांगेने उभी आहेत. ओक लाकडाची, उंच, जड, द्राक्षे पिळण्याच्या चरकासारखी दिसणारी. त्यांपैकी दोन यंत्रे १६०० च्या सुमाराची असून जगात आज उभी असलेली छपाईची सर्वांत जुनी यंत्रे तीच होत. एका यंत्रावर दोघे काम करीत. एकजण लोकर भरलेल्या चामड्याच्या दोन गोळ्यांनी खिळ्यांवर शाई थापटी. दुसरा ओलसर केलेला कागद बसवी, तो फर्म्यासह यंत्राखाली सरकवी आणि दांडा अंगाच्या जोराने ओढी. दिवसाला बाराशे पन्नास कागद दोन्ही बाजूंनी छापावे, असा प्लांटिनच्या काळी साधारण परिपाठ होता. दिवस बारा-चौदा तासांचा धरला, तरी दर सतरा ते वीस सेकंदांना कागदाची एक बाजू पुरी व्हावी लागे. आणि यंत्राचा दाब लहान असल्याने मोठ्या कागदाच्या प्रत्येक बाजूला दांडा दोनदा ओढावा लागे. म्हणजे दिवसाकाठी सुमारे पाच हजार हिसके. पुस्तकांच्या सुरेख पानांकडे पाहताना या खांद्यांची आठवण कोणी क्वचितच ठेवतो.

यंत्रांपासून जवळच मुद्रितशोधकांची खोली आहे. खिडकीशी ओकचे एक मोठे मेज आहे आणि त्यावर खिडकीतून भरपूर उजेड येतो; कारण या कामाला दुसरे भांडवल लागत नाही. या खोलीत कॉर्नेलिस किलियान नावाचा एक मनुष्य बसत असे. तो जुळारी म्हणून लागला आणि मुद्रितशोधक झाला. जवळजवळ पन्नास वर्षे त्याने दुसऱ्यांच्या पुस्तकांतील चुका काढल्या. परंतु हे करीत असता तो आपल्या मातृभाषेचे, म्हणजे डच भाषेचे, शब्द टिपून ठेवीत होता. विद्वानांची भाषा लॅटिन. बाजारातील बोलीचे शब्द गोळा करण्यात कोणाला प्रतिष्ठा वाटत नव्हती. १५९९ साली त्याच्या कोशाची परिपूर्ण आवृत्ती याच मुद्रणालयाने छापली. डच शब्दांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही हा कोश उघडावा लागतो.

प्लांटिनला पाच मुली होत्या. मुली चार-पाच वर्षांच्या झाल्या की त्यांना लिहायला-वाचायला शिकवी आणि वयाच्या मानाने त्या मुद्रिते वाचण्याच्या कामी मदत करीत, असे त्याने १५७० सालच्या एका पत्रात लिहिले आहे. त्यांतील माग्दालेना ही त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांची होती. मुद्रणालयात त्या दिवसांत एक प्रचंड काम चालले होते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने बायबल हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी व सिरियाक अशा पाच भाषांत शेजारी शेजारी छापले जात होते. राजाने पाठवलेला पंडित आरियास मोंतानो हा ते तपासत असे. माग्दालेना मुद्रिते त्याच्या बिऱ्हाडी घेऊन जाई आणि या भाषांतील मूळ मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवी. १५६८ साली सुरू झालेले हे काम १५७२ मध्ये आटोपले. आठ मोठे खंड झाले. राजाकडून यायचा पैसा मात्र कधी पुरतेपणी आला नाही आणि प्लांटिनच्या डोक्यावर कर्जाचा बोजा राहिला.

या ग्रंथाशी आपल्या देशाचाही एक धागा जुळलेला आहे. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून तीन जेझुइट पाद्री निघाले आणि १५८० साली फत्तेपूर सिक्री येथे पोहोचले. त्यांनी बादशहाला जी भेट दिली, ती या पंचभाषी बायबलाच्या सात खंडांची होती. बादशहाने ते खंड आदराने मस्तकी लावले, असे त्या पाद्र्यांनी नोंदवून ठेवले आहे. माग्दालेनाने वाचलेली पाने अशा प्रकारे दहा वर्षांच्या आत अकबराच्या हाती आली.

उलट दिशेनेही एक पुस्तक गेले होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधी, फळे आणि मसाले यांवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. याच ओर्ताला पोर्तुगीजांनी मुंबईचे बेट खंडाने दिले होते. त्याच्या ग्रंथाची छपाई अशुद्ध होती, शुद्धिपत्र लांबलचक होते, आणि पोर्तुगीज भाषा येणारे युरोपात थोडे. परंतु क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती त्याची एक प्रत पडली. त्याने लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप केला आणि प्लांटिनने तो १५६७ साली अँटवर्पला छापला. मग मात्र कोकणच्या भूमीतील ज्ञान युरोपभर पसरले. वनस्पतींच्या अशा ग्रंथांतील चित्रांसाठी कोरलेले लाकडी ठसेही संग्रहालयात आहेत. सर्व विषयांचे मिळून ते सुमारे चौदा हजार भरतात.

हे सारे आज पाहावयास मिळते याचे आश्चर्य वाटावे, इतके आघात या घराने सोसले आहेत. १५७६ च्या नोव्हेंबरात पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी बंड करून अँटवर्प लुटले. हजारो माणसे मारली गेली, नगरसभागृह जळाले. प्लांटिन त्याच वर्षी या जागेत राहावयास आला होता. आपले मुद्रणालय वाचवण्यासाठी त्याला एकामागून एक नऊ वेळा खंडणी भरावी लागली. सोळा यंत्रांतील थोडीच त्यानंतर चालू राहिली. पुढे १५८५ साली नगर स्पेनच्या हाती पुन्हा पडले, उत्तरेकडील डचांनी शेल्डे नदीचे तोंड व्यापाराला बंद केले आणि निम्मे लोक गाव सोडून गेले. प्लांटिन काही काळ लायडेनला जाऊन राहिला. परंतु अखेर तो अँटवर्पला परतला आणि १५८९ साली तेथेच वारला. मोठी मुलगी मुद्रितशोधक जावयाला आणि दुसरी, मार्तिना, दुकानाचा कारभार सांभाळणाऱ्या यान मोरेतुसला दिली होती. मुद्रणालय यान व मार्तिना यांच्याकडे आले आणि तेव्हापासून घराण्याचे नाव मोरेतुस झाले. त्यांचा मुलगा बाल्थासार याचे उजवे अंग जन्मतःच लुळे होते. तो उत्तम लॅटिन जाणणारा आणि रूबेन्सचा बालमित्र होता. मित्राच्या पुस्तकांसाठी रूबेन्स मुखपृष्ठे रेखाटून देई; मात्र सवड काढून, सुट्टीच्या दिवशी; कारण कामाच्या दिवसाची त्याची किंमत पुस्तकाला परवडणारी नव्हती.

एकोणिसाव्या शतकात वाफेची यंत्रे आली आणि ओकची यंत्रे मागे पडली. १८६७ च्या सुमारास काम थांबले. तेव्हा एदुआर्द मोरेतुस याने सामान तुकड्या-तुकड्यांनी विकले असते, तर त्याला कदाचित अधिक पैसा मिळाला असता. त्याने १८७६ साली घर, यंत्रे, ठसे, ग्रंथ, कागदपत्रे असे सर्व एकत्र नगराला विकले, आणि पुढल्या वर्षी संग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात मौल्यवान वस्तू आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या, हे सुदैव; कारण २ जानेवारी १९४५ रोजी जर्मनांचे एक उडते अस्त्र नेमके शुक्रवारच्या बाजारात कोसळले आणि इमारतीची मोठी हानी झाली. दुरुस्ती होऊन १९५१ साली दरवाजे पुन्हा उघडले. २००५ साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

हे एक घर नीट पाहावयाचे म्हणजे अर्धा दिवस पाहिजे. एका दिवसात चार संग्रहालये उरकणाऱ्या प्रवाशाच्या हाती पायदुखीपलीकडे काही लागत नाही. तरी नदीकडे जाता जाता वाटेवर दोन ठिकाणी थोडे थांबावे. एक आहे खाटकांच्या संघाने १५०१ ते १५०४ या काळात बांधलेली इमारत. लाल वीट आणि पांढरा दगड यांचे थर एकाआड एक असल्याने तिला मांसाच्या तुकड्याची उपमा देतात! या इमारतीत वाद्यांचा संग्रह मांडला गेला. रूकर्स या अँटवर्पच्या घराण्याने बनवलेली हार्पसिकॉर्ड नावाची वाद्ये त्यात आहेत. पेटीच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्या दाबल्या की तारा छेडल्या जातात, अशी त्यांची रचना असते. दुसरे ठिकाण म्हणजे २०१८ साली उघडलेले हिऱ्यांचे संग्रहालय. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत युरोपात पोहोचणारे हिरे बहुतेक सारे हिंदुस्थानचेच असत, ही गोष्ट ते पाहताना ध्यानात ठेवावी. आजही अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपूरकडील व्यापाऱ्यांचा मोठा वाटा असून त्यांच्या पेढ्यांचे मुंबईशी नित्य दळणवळण असते.

जुन्या गोद्यांच्या भागात एक साठ मीटर उंचीची इमारत लक्ष वेधून घेते. २०११ साली उघडलेले हे नगराचे मोठे संग्रहालय. त्याच्या भिंतींचा तांबडा वालुकाश्म भारतातून आणलेला आहे. फत्तेपूर सिक्री पाहिलेल्या माणसाला तो रंग ओळखीचा वाटावा.

तेथून पुढे, अगदी धक्क्यालगत, विटांच्या तीन बैठ्या इमारती आहेत. यांत सोने नाही, चित्रे नाहीत, थोरांची घराणी नाहीत. ‘रेड स्टार लाइन’ या जहाज कंपनीने १८७३ ते १९३४ या काळात सुमारे वीस लाख माणसे युरोपातून अमेरिकेला नेली. त्यांतील बहुसंख्य गरीब होती. दुष्काळाने, बेकारीने किंवा धर्मद्वेषाने घर सोडलेली. पूर्व युरोपातील ज्यू त्यांत फार होते. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी याच इमारतींत होई. २०१३ साली तेथे त्यांचे संग्रहालय झाले.

तपासणी कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या बंदरात एखाद्या उतारूला रोगी ठरवून नाकारले, तर त्याला परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडे आणि वर दंडही होई. म्हणून कंपनीने अँटवर्पलाच चाळणी लावली. उतारू आले की त्यांचे कपडे व बोचकी मोठ्या भट्ट्यांत घालून वाफेने निर्जंतुक करीत. माणसांना कढत पाण्याखाली आंघोळ करावी लागे. उवा घालवण्यासाठी केसांना औषधे चोळीत. मग जिना चढून डॉक्टरांपुढे. ते पापणी उलटी करून डोळा पाहत. खुपऱ्यांचा रोग दिसला की प्रवास संपला. हा रोग संसर्गजन्य असून त्यावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. घरची भांडी विकून तिकीट काढलेल्या कुटुंबाने मग काय करावे? सर्वांनी परत जावे, की एकाला मागे ठेवून इतरांनी जहाजात चढावे? एका लहान मुलीच्या बाबतीत असेच घडले. आई आणि भावंडे अमेरिकेत उतरली. तिला मात्र डोळ्यांसाठी परत पाठवले. ती अँटवर्पला परक्या लोकांत राहिली, शाळेत गेली, तेथील भाषा शिकली. आणि काही वर्षांनी जेव्हा तिला पुन्हा प्रवेश मिळाला, तेव्हा आई तिला जवळजवळ अनोळखी झाली होती. तिची हकीकत संग्रहालयात सांगितली आहे.

या वाटेने गेलेल्यांत पाच वर्षांचा एक मुलगा १८९३ साली होता. तोच पुढे अर्व्हिंग बर्लिन या नावाने अमेरिकेचा लोकप्रिय गीतकार झाला. उलट वाटेने आलेला एक उतारू सर्वांच्या परिचयाचा आहे. १९३३ च्या मार्चमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन याच कंपनीच्या ‘बेल्जनलँड’ जहाजातून युरोपला परतत होते. जर्मनीत हिटलरची सत्ता आली होती आणि आता मायदेशी पाऊल ठेवणे शक्य नाही, हे त्यांना प्रवासातच उमगले. जहाजावरच, कंपनीच्या छापील कागदावर, त्यांनी प्रशियाच्या विद्वत्परिषदेला राजीनामा लिहिला. अँटवर्पला उतरले ते बिनघरचे होऊन.

इमारतीला लागून जहाजाच्या नळकांड्याची आठवण देणारा एक मनोरा नव्याने उभारला आहे. तपासणीच्या खोल्या पाहून झाल्यावर प्रवासी त्यावर चढतात. खाली धक्का दिसतो, त्यापलीकडे शेल्डेचे करडे पाणी. जहाज धक्क्यावरून सुटले की काही वेळ दिसत राही. मग नदी वळण घेते. त्या वळणापर्यंत धक्क्यावरची माणसे रुमाल हलवीत उभी असत.